डोंबिवली स्टेशनची संख्या: १२३४५६७८९८७६५४३२१ खरंच एवढी खास आहे का?

जलद_लोकल

मंडळी, जरा मदत हवी आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक ढकलपत्र फिरतंय, 'डोंबिवलीकर असाल तर पुढे पाठवा' थाटाचं. नेहमीचा कचरा म्हणून पुसून टाकणार होतो, पण त्यात एक संख्या होती आणि मी पडलो हिशेबनीस. आकडा दिसला की तो जुळतो का हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

मजकूर असा. नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढायचं आणि तसंच खाली उतरायचं. ही संख्या म्हणे एका शाळामास्तरांना डोंबिवली स्टेशनवर सुचली. पुढे असं की चढून १० पर्यंत गेलात आणि मग उतरलात, म्हणजे १२३४५६७८९१०९८७६५४३२१ असं लिहिलंत, तर ती मूळ संख्या (१ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी) होते. आणि शेवटी अर्थातच 'नासाचे शास्त्रज्ञही थक्क'.

नासाचं सोडा. बाकीचं तपासायला एक्सेल उघडलं. एका खान्यात १११११११११, शेजारच्या खान्यात तिचा वर्ग. उत्तराच्या शेवटी ३२१ यायला हवं तिथे ३०० आलं. म्हणजे १ ने संपणाऱ्या संख्येचा वर्ग शून्याने संपला! एककाच्या घरात एक गुणिले एक, एवढंच तर काम आहे. पुतणी म्हणाली मोबाइलच्या ब्राउझरमध्ये करून बघू, तर तिथे शेवटी ३२० आलं. दोन यंत्रं, दोन उत्तरं, दोन्ही चूक. मग कागद घेऊन उभी मांडणी केली आणि ढकलपत्राचंच उत्तर बरोबर निघालं.

हात वळलेलाच होता म्हणून दहा वेळा १ घेऊनही वर्ग केला. तिथे मात्र शिडी मोडली. आलं ते असं: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना ७ नंतर थेट ९, मध्ये दोन शून्यं, आणि उतरताना सगळं व्यवस्थित. डावीकडचा ८ गेला कुठे?

तर प्रश्न: यंत्रं का चुकली? दहाव्या पायरीला नमुना का मोडला? वीस अंकी संख्या मूळ आहे हे माणूस ठरवतो तरी कसा? आणि डोंबिवलीचं खरं की थाप? पंचवीस वर्षं त्या स्टेशनवर गर्दी सोडून काही सुचलेलं नाही म्हणून विचारतोय.

शून्य_बग

यंत्रांचं मी सांगतो, रोजचं दुखणं आहे.

एक्सेल १५ अंकांपलीकडे अंक दाखवत नाही, पुढच्या जागी शून्यं भरतं. तुमची संख्या १७ अंकी. म्हणून शेवटच्या २१ च्या जागी ००, म्हणजे ३२१ चे ३०० झाले. ज्यांनी सोळा अंकी कार्ड नंबर एक्सेलमध्ये टाइप केलेत त्यांना शेवटचा अंक शून्य झालेला आठवत असेल. कारण तेच.

ब्राउझरचं ३२० जास्त मजेदार. तिथे संख्येच्या अंकांसाठी ५३ बिट असतात. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. तिथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नीट मावतो. त्याच्या वर, २ च्या ५४ व्या घातापर्यंत, फक्त सम संख्या साठवता येतात. तुमची संख्या नेमकी या पट्ट्यात आहे आणि विषम आहे, त्यामुळे तिला शेजारच्या सम संख्येवर सरकावं लागलं. ३२० किंवा ३२२, दोन्ही सारख्याच अंतरावर. नियमाने ३२० निवडली गेली.

अशा कामाला पायथन ही संगणकाची भाषा वापरा. त्यात पूर्णांक हवा तेवढा लांब होतो. मूळ संख्येचं रात्री लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

हातचा_एक

डोंबिवलीचं खरं आहे हो! अभिमान बाळगा, पण नासाला मध्ये न आणता.

शाळामास्तर म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला, आणि १९३० ते १९६२ आमच्या नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तरकी. चार अंकी ६१७४ वाला 'कापरेकर स्थिरांक' अनेकांना माहीत असतो, त्या मानाने या संख्या मागे पडल्या. त्यांना ते 'डेम्लो संख्या' म्हणत. डेम्लो हे डोंबिवली स्टेशनचं त्या वेळचं नाव, जुन्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवरचं, आणि या संख्यांचा अभ्यास करावा हे त्यांना तिथेच सुचलं. गाडीची वाट बघताना की जिना चढताना, ते ढकलपत्रवाल्यालाच ठाऊक. १९३८ मध्ये 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांचा या संख्यांवर लेख आला. बाहेरच्या जगाला ते माहीत झाले १९७५ मध्ये, गणितातल्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर. तोवर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

त्यांची व्याख्या ढकलपत्रापेक्षा रुंद आहे. संख्येचे तीन तुकडे पाडायचे. मधल्या तुकड्यात एकच अंक, हवा तितक्या वेळा. डावा आणि उजवा तुकडा मिळवले की तोच अंक परत परत आला पाहिजे. १६५, १६६५, १६६६५ घ्या: डावीकडे १, उजवीकडे ५, बेरीज ६, मध्ये सगळे ६. आता तुमच्या संख्येत मधला ९ बाजूला काढा आणि १२३४५६७८ मध्ये ८७६५४३२१ मिळवा. येतात ९९९९९९९९. बसली की नाही व्याख्येत? एकांच्या वर्गातून येणाऱ्या या खास कुटुंबाला त्यांनी 'वंडरफुल डेम्लो' म्हटलं.

आता तुमचा ८. मी पॉलिटेक्निकात गणित शिकवते आणि असले 'अद्भुत गणित'वाले तक्ते मुलं दर वर्षी घेऊन येतात. माझा एकच प्रश्न असतो: हे कुठे मोडतं ते सांग. जिथे मोडतं तिथेच ते का चालत होतं हे कळतं. तुम्ही आपणहून दहाव्या पायरीपर्यंत गेलात, अर्धं काम तिथेच झालं.

उभी मांडणी आठवा. १११११११११ ला १११११११११ ने गुणताना नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेली. मग प्रत्येक उभ्या रकान्यात फक्त १ आहेत आणि बेरीज म्हणजे ते मोजणं. कडेला १, मग २, मग ३, मधोमध ९, आणि परत उतरण. कुठल्याच रकान्यात ९ पेक्षा जास्त होत नाही, म्हणून एकदाही हातचा येत नाही. सगळी जादू एवढीच: सतरा रकान्यांची बेरीज आणि हातचा शून्य.

दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० झाले. शून्य लिहून हातचा १ डावीकडे. तिथे ९ होते, त्यांचे १० झाले, परत शून्य, परत हातचा. त्याच्या डावीकडच्या ८ चे ९ झाले आणि हातचा संपला. म्हणजे ८ गेला नाही, त्याला बढती मिळाली. मधली दोन शून्यं या दोन हातच्यांची. उजवीकडे काही बिघडलं नाही, कारण हातचा उजवीकडे जात नाही.

ताळा म्हणून अंकांची बेरीज करा. नऊ एकांच्या वर्गात ती येते ८१, म्हणजे ९ चा वर्ग. दहा एकांच्या वर्गात १०० यायला हवी होती, येते ८२. प्रत्येक हातचा अंकांच्या बेरजेतून ९ खातो (दहा जातात, एक येतो), आणि हातचे दोन. १०० वजा १८. हिशेबनिसाला हे आवडेल असं वाटलं.

आणि १२३४५६७९ हा ८ नसलेला प्रसिद्ध आकडा, ज्याला ६३ ने गुणलं की ७७७७७७७७७ येतात? तो दुसरं काही नाही, १११११११११ भागिले ९. तिथला ८ ही याच वाटेने गेलाय. १ ला ८१ ने भागत बसा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… दशांश चिन्हानंतर १, २, ३ असं चढत जातं, पण नवानंतर दहा येतो, त्याचा हातचा ९ ला, ९ चा ८ ला. एकच कारण, दोन वेष.

आणखी एक. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने या संख्येला पूर्ण भाग जातो: १५२४१५७८९९७१०४१. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद संख्या' म्हणतात, आणि त्याही कापरेकरांच्याच! पण १२१ घ्या: बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ घ्या: बेरीज ९, जातो. पहिल्या नवांत फक्त पहिली, तिसरी आणि नववी हर्षद निघते. का, ते सरळ आहे. n एक घेतले तर अंकांची बेरीज n चा वर्ग, म्हणजे मुळात n ने एकांच्या त्या माळेला भाग जायला हवा. माळ विषम, म्हणून २, ४, ६, ८ बाद. ती ५ ने संपत नाही, म्हणून ५ बाद. ७ ने भाग जायला एकांची संख्या ६ च्या पटीत लागते, म्हणून ७ ही बाद. दहावीचं बघाल तर तिची बेरीज ८२, म्हणजे २ गुणिले ४१. ४१ ने भाग जातो, २ ने जात नाही.

मूळ अवयव पाडायचे असतील तर माळेचे पाडा, वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येईलच. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. उरला प्रश्न ३३३६६७ मूळ आहे का. तिचं वर्गमूळ ५७७ च्या जरा वर, तिथपर्यंतच्या मूळ संख्या १०६. एकशे सहा भागाकार कोण करणार? पण इथे पळवाट आहे. ३३३६६७ ला p या मूळ संख्येने भाग जात असेल तर ९९९९९९९९९ लाही जातो. म्हणजे १०, १००, १००० असे दहाचे घात p ने भागत गेलं तर नवव्या घाताला बाकी १ येते आणि तिथून बाक्यांचं चक्र परत सुरू. चक्र ३ चं किंवा १ चं असतं तर p ने ९९९ ला भाग गेला असता, मग १००१००१ ला ९९९ ने भागून जी बाकी ३ उरते तिलाही p ने भाग गेला असता, आणि p फक्त ३ असू शकला असता. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तेव्हा ३ नाही. चक्र नेमकं ९ चं. फर्माच्या छोट्या प्रमेयाप्रमाणे चक्राच्या लांबीने p वजा १ ला भाग जातो, आणि p विषम, म्हणून p वजा १ हा १८ च्या पटीत. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या किती? १९, ३७, ७३, १०९, १२७… मोजून १७. एकशे सहाच्या जागी सतरा भागाकार, चहा निवायच्या आत होतात. १९ ने बाकी ८, ३७ ने बाकी १, शेवटच्या ५७७ ने बाकी १६१. मधले तुम्ही करा. एकानेही भाग जात नाही.

म्हणजे तुमची डोंबिवलीची संख्या: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. विभाजक ५ गुणिले ३ गुणिले ३, एकूण ४५.

दुसऱ्या संख्येबद्दल माझं वेगळं मत आहे, पण आधी शून्य_बग यांना त्यांची मीटिंग संपवू द्या.

बाकी_शून्य

सगळं छान. पण याचा उपयोग काय? कापरेकरांनी हाच वेळ दुसऱ्या कशात घातला असता तर?

हातचा_एक

@बाकी_शून्य, दुसऱ्या कशात घातला असता तर आज आपण त्यांच्याबद्दल बोलत नसतो. ते पोटापाण्यासाठी शाळेत शिकवत होते, संख्या त्यांची आवड होती. आवडीला उपयोग विचारायची पद्धत आपल्याकडे फक्त गणिताच्या वाट्याला येते. सुट्टीच्या दिवशी गड चढणाऱ्याला कोणी विचारत नाही वर जाऊन मिळालं काय म्हणून.

शून्य_बग

आलो. वीस अंकी संख्या: १२३४५६७८९१०९८७६५४३२१.

आधी उत्तर: होय, मूळ आहे. पायथनमध्ये तपासली, पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

शाळेतल्या पद्धतीने, म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, तर वर्गमूळ आहे ३५१ कोटींच्या वर. तिथपर्यंत साधारण पावणेसतरा कोटी मूळ संख्या आहेत. यंत्राला तेही जमतं, माणसाला नाही. पण यंत्रही तसं करत नाही. त्याला अवयव शोधायचेच नसतात, फक्त 'मूळ आहे की नाही' एवढं हवं असतं, आणि ते अवयव न शोधता कळतं. हे पहिल्यांदा शिकलो तेव्हा मला फसवणूक वाटली होती.

वर ज्या फर्माच्या छोट्या प्रमेयाचा उल्लेख आलाय, तेच इथे. n मूळ असेल तर २ चा (n वजा १) वा घात n ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. घात अवाढव्य आहे, पण वर्ग करत, दर वेळी बाकी घेत गेलं तर साठ-पासष्ट पायऱ्यांत काम होतं. बाकी १ नाही आली तर संख्या नक्की संयुक्त. आली तर मात्र 'बहुतेक मूळ' इतकंच. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, तरी २ च्या कसोटीत पास होते. ५६१ तर तिच्याशी सामायिक अवयव नसलेल्या कुठल्याही आकड्याने तपासा, फसवतेच.

म्हणून मिलर-राबिन कसोटी वापरतात. n वजा १ मधून २ चे सगळे अवयव बाहेर काढायचे. आपल्या संख्येत ते असं दिसतं: १२३४५६७८९१०९८७६५४३२० = १६ × ७७१६०४९३१९३६७२८३९५. आधी विषम भागाइतका घात, मग त्याचे पायरीपायरीने वर्ग, आणि प्रत्येक पायरीवर बाकी नियमात बसते का ते बघायचं. यात लपणं फार अवघड. २, ३, ५, ७ पासून ३७ पर्यंतच्या बारा मूळ संख्या पाया म्हणून (म्हणजे वरच्या कसोटीतल्या २ च्या जागी) घेतल्या तर चोवीस अंकी ३१८६६५८५७८३४०३११५११६७४६१ च्या आतली एकही संयुक्त संख्या बाराही चाळण्यांतून सुटत नाही. हे सिद्ध झालेलं आहे. आपली संख्या वीस अंकी, आरामात आत. म्हणजे इथे 'बहुतेक' नाही, पक्का पुरावा.

घरी सी भाषेत करणाऱ्यांसाठी: ही संख्या ६४ बिटांत मावते, पण चिन्हासकट ठेवलीत तर नाही. तिची मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आणि आपली त्याच्या वर. छापायला गेलात तर उणे ६१०१०६५१६२७२१८९७२९५ असं काहीतरी दिसेल. घाबरू नका, २ चा ६४ वा घात मिळवला की परत आपली संख्या येते.

आणि वरचं हातच्याचं प्रकरण सोळाच्या पायावर (दहाऐवजी सोळा झाले की हातचा) करून बघा. तिथे शिडी पंधरा एकांपर्यंत टिकते.

जलद_लोकल

दोघांचेही आभार. शून्य_बग, यंत्राने सांगितलं ते मान्य, पण परवाच दोन यंत्रांनी मला दोन चुकीची उत्तरं दिलीत. 'मूळ नाही' असं निघण्याची शक्यता तरी कागदावर थोडी तपासता येईल का? निदान ३, ७, ११ ने भाग जात नाही एवढं? आणि हातचा_एक, तुमचं वेगळं मत राहिलं.

हातचा_एक

कागदावर येईल की. ३ साठी अंकांची बेरीज: ४५ अधिक १ अधिक ४५, म्हणजे ९१. भाग जात नाही. गंमत म्हणजे ९१ स्वतः ७ गुणिले १३, पण त्याचा इथे काही संबंध नाही.

७, ११ आणि १३ एका दमात होतात, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि एकाआड एक अधिक-उणे करा:

३२१ − ६५४ + ९८७ − ९१० + ६७८ − ३४५ + १२ = ८९

८९ ला ७ ने बाकी ५, ११ ने १, १३ ने ११. तिघेही बाद. तेच गट नुसते मिळवलेत तर ३७ ची कसोटी होते: बेरीज ३९०७, तिचे परत गट ३ आणि ९०७, बेरीज ९१०, ३७ ने बाकी २२. बाद. १७ आणि १९ ला मात्र सरळ भागाकारच बरा, त्यांच्या कसोट्या भागाकारापेक्षा लांब आहेत.

आता मत. पहिली संख्या वर्ग का आहे याला कारण आहे, हातच्याचं कारण मी वर लिहिलं. दुसरी मूळ का आहे याला कारण नाही. १० पर्यंत चढून उतरण्यात तिला मूळ करणारं काहीच नाही. तपासली आणि निघाली. १ ते ९ पर्यंतच्या शिड्या तर सगळ्या वर्गसंख्या, त्यातली एकही मूळ असूच शकत नव्हती. म्हणजे मूळ होण्याची पहिली संधी दहाव्या शिडीला, आणि तिने पहिल्याच चेंडूवर षटकार मारला. गंमत तेवढीच.

ढकलपत्राला वाटतं तेवढं ते दुर्मीळही नाही. एवढ्या मोठ्या संख्यांच्या आसपास साधारण दर ४४ संख्यांमागे एक मूळ असते. हे त्या संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमवरून येतं. पण आपली संख्या १ ने संपते, म्हणजे २ आणि ५ गेले. वर ३, ७, ११, १३ आपण हाताने बाद केले. एवढी चाळण झाल्यावर उरलेल्यांत मूळ निघण्याची शक्यता साडेआठांत एकाच्या आसपास येते. साडेआठांत एक ही लॉटरी नव्हे. शिडी ११ पर्यंत नेलीत, म्हणजे १२३४५६७८९१०१११०९८७६५४३२१, तर संपलं. गटांची अधिक-उणे १८९ येते, तिला ७ ने भाग जातो.

म्हणून वर्गात मी पहिली अर्धा तास शिकवते आणि दुसरी एका वाक्यात सांगून पुढे जाते. तुमच्या ग्रुपला बरोबर उलटं आवडेल याची खात्री आहे.

जाता जाता: आपल्या जुन्या दशमान यादीत, भास्कराचार्यांच्या, शेवटचं नाव परार्ध. १ वर १७ शून्यं, म्हणजे अठरावं घर. पहिली संख्या सतरा अंकी, तिचा पहिला अंक 'मध्य' या घरात बसतो. दुसरी वीस अंकी, तिच्या पहिल्या दोन अंकांना यादीत घरच नाही.

जलद_लोकल

गटांची पद्धत झकास आहे, आज गाडीत उभ्या उभ्या करून बघितली. एक लक्षात आलं. पहिली संख्या उलट वाचली तरी तीच, पण दुसरी नाही. मधला १० उलटला की ०१ होतो: १२३४५६७८९०१९८७६५४३२१. फक्त ९१० चा गट ९०१ झाला, बाकी सगळे तेच. तो गट उणे आहे, म्हणून ८९ मध्ये ९ ची भर पडून ९८. आणि ९८ ला ७ ने भाग जातो! ठाण्यापर्यंत पूर्ण भागाकारही झाला: १७६३६६८४१४५६९६६४९०३, बाकी शून्य. शेजारच्या माणसाला वाटलं मी लॉटरीचे नंबर लावतोय.

ग्रुपवर हे टाकलं तर सेक्रेटरींनी विचारलं, 'नासाचं काय झालं?'

शून्य_बग

सांगा, मीटिंगमध्ये आहेत.